घरची बॅटरी, गाडी आणि सहा स्वस्त तास : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

दर दोन आहेत. रात्री ११ ते पहाटे ५ स्वस्त, उरलेले अठरा तास महाग, आणि महाग दर स्वस्ताच्या जवळजवळ तिप्पट. या सहा तासांत दोन पोटे भरायची आहेत, घरच्या बॅटरीचे आणि गाडीचे. दोन्हींना वाट मात्र एकच, ४० अँपिअरचा सिंगल फेज मेन, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा घराचा मुख्य स्विच (एमसीबी).

बसवलेले सामान असे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन पॅक, प्रत्येकी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, म्हणजे मिळून १०.२४ युनिट. ग्रिड, सोलर आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा ५ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर. छतावर ३ किलोवॉटचे सोलर पॅनल. गाडीसाठी ३२ अँपिअरचा भिंतीवरचा चार्जर, त्याला ६ चौरस मिमीची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र आरसीबीओ (गळती आणि जादा करंट दोन्हींना पडणारा स्विच). मेनच्या लगेच पुढे फेज वायरवर इन्व्हर्टरची सीटी, म्हणजे वायरभोवती बसणारी, करंट मोजणारी कडी. घरात किती वीज येते ते इन्व्हर्टर या सीटीवरूनच ठरवतो.

गाडीचा हिशोब सोपा आहे. ३२ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ७.३६ किलोवॉट, सहा तासांत भिंतीतून ४४ युनिट. दहा टक्के गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये आणि पंप-पंख्यांत जातात, बॅटरीत सुमारे ४० उतरतात. घरची बॅटरी १५ वरून ९५ टक्क्यांवर न्यायला ८.२ युनिट लागतात. इन्व्हर्टरचा एका बाजूचा घाटा धरून मीटरवर ते ८.७ दिसतील.

५ नोव्हेंबर

पहिली रात्र. गाडी ११ पासून, घरची बॅटरी २ ते ५ मध्ये ३ किलोवॉटने, असे दोन वेगवेगळे टायमर त्या त्या यंत्रात लावले होते.

११ वाजता गाडी ७.३६ किलोवॉट ओढू लागली आणि मीटरवर फक्त २.८ किलोवॉट दिसत होते. बाकीचे ५ किलोवॉट घरच्या बॅटरीतून चालले होते. ११:५७ ला बॅटरी ६४ टक्क्यांवरून १५ वर आली आणि थांबली. २ वाजता तीच बॅटरी पुन्हा ग्रिडवरून भरायला लागली.

इन्व्हर्टरचे यात चुकले काहीच नाही. त्याचे काम सीटीवरचा आकडा शून्याजवळ ठेवणे. भार फ्रिजचा आहे की गाडीचा, हे त्याला कळायला मार्ग नाही. नुकसान मात्र खरे आहे. बॅटरीतले ५ युनिट बाहेर पडताना ४.७७ झाले, परत भरायला ५.३४ लागले. अर्ध्या युनिटाहून जास्त उष्णतेत गेले आणि बॅटरीची अर्धी फेरी (भरणे आणि रिकामे होणे मिळून एक) फुकट झिजली. रोज असे चालले तर वर्षाला १८० फेऱ्या वाया.

६ नोव्हेंबर

उपाय दोन होते.

पहिला, इन्व्हर्टरची सीटी गाडीच्या फाट्याच्या पुढे सरकवायची, म्हणजे गाडी त्याला दिसतच नाही. तारांचे काम दहा मिनिटांचे, आणि त्यात कुठला प्रोग्राम बिघडण्याची भीती नाही. ज्यांच्याकडे सोलर नाही त्यांनी हाच करावा. सोलर असेल आणि ग्रिडला वीज पाठवायची मुभा नसेल तर मात्र अडचण होते. इन्व्हर्टरला दुपारी गाडीचा भार दिसत नाही, म्हणून तो घरापुरतेच उत्पादन ठेवतो आणि पॅनल दाबून टाकतो.

दुसरा, सीटी तिथेच ठेवून स्वस्त तासांत बॅटरीचा डिस्चार्ज करंट शून्यावर आणायचा. हा निवडला. ११ ला शून्य, ५ ला परत १०० अँपिअर. सध्या हाताने.

सीटी उघडलीच होती म्हणून दिशा तपासून घेतली. बाण उलटा बसला तर इन्व्हर्टर आयातीला निर्यात समजतो. आयात वाढली की तो बॅटरीत आणखी भरतो, त्याने आयात आणखी वाढते, आणि आकडा कमाल मर्यादेला जाऊन चिकटतो. तपासणी सोपी आहे. बॅटरी आणि सोलर बंद ठेवून २ किलोवॉटचा गीझर लावायचा, ॲपमध्ये आयात २ किलोवॉटने वाढली पाहिजे. सीटीचे दोन्ही जबडे टक्कन बंद झाले आहेत ना हेही पाहावे. फटीत कचरा अडकला तरी वाचन कमी येते.

९ नोव्हेंबर

पहाटे ४:३८ ला मेन ट्रिप.

रात्री गाडी जवळजवळ रिकामी होती, म्हणून ११ पासून सलग ३२ अँपिअर. २ वाजता घरची बॅटरी सुरू, १३ अँपिअर. फ्रिज वगैरे २. एकूण ४७. मेनवर ४० छापलेले असूनही दोन तास काही झाले नाही. ४:१५ ला गीझर लागला, ८.७ अँपिअर, बेरीज ५६ च्या आसपास, आणि तेवीस मिनिटांत मेन पडला.

एमसीबी ४० अँपिअर ओलांडल्याबरोबर पडत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे १.१३ पटीला तासभर पडायचे नाही, १.४५ पटीला तासाच्या आत पडायचेच. म्हणजे ४५ पर्यंत तो टिकणार, ५८ ला हमखास पडणार, आणि मधल्या पट्ट्यात पेटीतल्या उष्णतेवर ठरणार. दिवसा घटकाभर चालणाऱ्या भाराला हे चालून जाते. गाडीचा भार सहा तास अखंड असतो, म्हणून तिथे ‘पडला नाही, म्हणजे ठीक आहे’ असे समजणे धोक्याचे आहे. पडण्याआधी वायरचे टोक तापते.

मर्यादा ठरवली ३६ अँपिअर, मेनच्या ९० टक्के.

११ नोव्हेंबर

मेनवर दुसरी सीटी, ही गाडीच्या चार्जरची. आता चार्जर दर सेकंदाला घरचा एकूण करंट पाहतो आणि ३६ मध्ये बसेल एवढाच गाडीला देतो. चार्जर गाडीशी बोलतो तो पायलट तारेवरच्या (चार्जिंग केबलमधली संदेशाची तार) १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेने. लाट जितके टक्के वेळ वर राहते, त्याला ०.६ ने गुणले की अँपिअर मिळतात. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५० टक्के म्हणजे ३०. आकडा खाली आला की गाडीने पाच सेकंदांत तेवढे खाली यायचे असते. पाच सेकंदांनी मेनला काही फरक पडत नाही.

पण यापेक्षा मोठा फायदा क्रम बदलून झाला. दोघांना एकदम वाढण्याऐवजी दोन पंगती केल्या:

११:०५ ते २:०० घरची बॅटरी, ३ किलोवॉट. ८.७ युनिट २ तास ५४ मिनिटांत होतात.
२:०५ ते ४:५५ गाडी, ३२ अँपिअर. भिंतीतून २०.८ युनिट, गाडीत साधारण १८.७.

मेनवर कधीच ३६ च्या वर जात नाही. ४:१५ ला गीझर लागला की चार्जर गाडीला २५ वर आणतो, अर्ध्या तासाने परत ३२. त्यात पाऊण-एक युनिट जाते, ते मान्य. साध्या दिवशीच्या फिरण्याला १८ युनिट भरपूर आहेत.

लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री ‘दोन्ही एकदम’: घरची बॅटरी १.७ किलोवॉटवर म्हणजे ७.४ अँपिअर, गाडी २६. पाच तास पन्नास मिनिटांत भिंतीतून सुमारे ३५ युनिट.

गाडी हळू भरली तर घाटा कमी होईल, असा समज सर्रास आहे. घरच्या चार्जरवर उलटे होते. गाडी चार्ज होत असताना तिची स्वतःची यंत्रणा जागी असते आणि दोनशे-तीनशे वॉट खाते, करंट कितीही असो. ६ अँपिअरला एकूण १३८० वॉटमधून हे जातात, ३२ ला ७३६० मधून.

१४ नोव्हेंबर

घड्याळे. तीन आहेत आणि तिघांची वेळ वेगळी.

पैसे मीटरच्या घड्याळावर ठरतात, म्हणून तेच प्रमाण धरले. मीटरच्या डिस्प्लेवर चालू दराचा क्रमांक येतो. फोनवर अचूक वेळ उघडून ११ च्या सुमारास समोर उभे राहिले की टी१ (महाग) चे टी२ (स्वस्त) कोणत्या सेकंदाला होते ते दिसते. इथे ४० सेकंद उशिरा. इन्व्हर्टर ४ मिनिटे १० सेकंद पुढे. चार्जर इंटरनेटवरून वेळ घेतो, तो बरोबर.

११ ची वेळ दिली तर पुढे असलेला इन्व्हर्टर १०:५६ लाच सुरू होतो आणि ३ किलोवॉटने चार-पाच मिनिटे महाग दरात भरतो. रोजचे ०.२ युनिट. दोन्ही टोकांना पाच मिनिटे सोडायची ती यासाठी, आणि रोज दुपारी इन्व्हर्टरची वेळ जुळवायची.

दुसरे, या इन्व्हर्टरला मध्यरात्र ओलांडणारी वेळ समजत नाही. २३:०५ ते ०४:५५ लिहिले तर चूक न दाखवता तो टप्पाच दुर्लक्षित करतो. दोन टप्पे करावे लागले: २३:०५ ते २३:५९ आणि ००:०० ते ०४:५५. मधल्या एका मिनिटात तो नेहमीच्या मोडमध्ये जातो. तेव्हा गाडी चालू नसते, त्यामुळे फरक नगण्य. क्रम बदलल्याचा हा आणखी एक फायदा.

१८ नोव्हेंबर

हाताने आकडे बदलणे बंद. छोटा संगणक, त्यावर होम असिस्टंट (घरातली यंत्रे चालवणारा प्रोग्राम). इन्व्हर्टरशी तो आरएस-४८५ च्या दोन तारांवर मोडबस या भाषेत बोलतो, चार्जरशी ओसीपीपी या भाषेत. मोडबसची सेटिंग: ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. ए आणि बी तारा उलट्या लागल्या तर काहीच उत्तर येत नाही. अदलाबदल करून पाहावी, त्याने काही जळत नाही.

उत्तर यायला लागले ते अडखळत. कारणे दोन निघाली. इन्व्हर्टरचा वायफाय डोंगल त्याच तारांवर होता आणि तोही प्रश्न विचारत होता. मोडबसच्या एका तारेवर विचारणारा एकच असावा लागतो. डोंगल काढला. तरीही गाडी सुरू असताना तपास-बेरजेच्या (चेकसम) चुका, म्हणजे वाटेत बिघडलेले संदेश, येत राहिल्या. सिग्नलची केबल आठ मीटर गाडीच्या ६ चौरस मिमी वायरला चिकटून गेली होती. ती ३० सेंमी दूर नेली, जाळी फक्त एका टोकाला अर्थ केली, दोन्ही टोकांना १२० ओहम लावले. रात्रभरात शून्य चुका.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवणे भाग आहे. पहिल्या प्रोग्राममध्ये डिस्चार्जची मर्यादा दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा लिहिली जात होती. दिवसाला २८८० वेळा. कित्येक इन्व्हर्टर असा आकडा कायमच्या स्मृतीत साठवतात आणि त्या चिपची हमी बहुधा एक लाख लेखनांची असते. पस्तीस दिवसांत हमी संपली असती. आता आधी वाचायचे आणि आकडा वेगळा असेल तरच लिहायचे. दिवसाला दोन लेखने.

२१ नोव्हेंबर

गाडी ३:१० ला थांबली, परत उठलीच नाही. मर्यादा क्षणभर ६ अँपिअरच्या खाली गेली म्हणून चार्जरने पुरवठा तोडला होता, तेवढ्यात गाडी झोपली. आता किमान ६ वर बांधले आहे. थांबवावेच लागले तर पुन्हा सुरू करताना चार्जर पायलट तीन सेकंद तोडून जोडतो, केबल काढून लावल्यासारखे गाडीला वाटते. गाडीतले स्वतःचे वेळापत्रक बंद. दोन टायमर असले की एक दुसऱ्याची वाट पाहत बसतो.

२६ नोव्हेंबर

गाडी ३२ अँपिअरवर दीड तास चालल्यावर उष्णता-कॅमेऱ्याने पेटी पाहिली. गाडीच्या आरसीबीओचा फेज स्क्रू ४१ अंश, न्यूट्रल ७१.

पुरवठा बंद करून, टेस्टरने खात्री करून, उघडले. न्यूट्रलच्या निळ्या आवरणाचा टोकाकडचा सेंटिमीटरभर भाग तपकिरी झाला होता आणि नखाने दाबल्यावर कडक लागत होता. वायर बहुतारी आहे. तिला स्लीव्ह (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) न घालता तशीच स्क्रूखाली घातली होती, चार-पाच तारा बाहेर मुडपलेल्या. सुरुवातीला घट्ट बसलेल्या अशा तारा रोज तापून-निवून हळूहळू दबतात, स्क्रू सैल होतो, रोध वाढतो, टोक आणखी तापते.

दोन सेंटिमीटर कापून नव्याने सोलले, ६ चौरस मिमीची स्लीव्ह घालून क्रिंप केली, अंगावर छापलेल्या २ न्यूटन-मीटरला टॉर्क ड्रायव्हरने आवळले. त्याच भाराला आता ४३ अंश. मेनचे आणि चार्जरच्या आतले स्क्रूही तसेच केले. ट्रिपिंगची कोणतीही यंत्रणा हा दोष पकडत नाही, कारण करंट बरोबरच असतो. ज्यांच्या घरी गाडी रोज तासन्‌तास चार्ज होते त्यांनी पहिल्या महिन्यात एकदा आणि मग दरवर्षी टोके तपासावीत. पेटी उघडायची सवय नसेल तर वायरमनकडून, पण करावेच.

३ डिसेंबर

रोज ९५ टक्के भरणे म्हणजे उन्हाच्या दिवशी सोलरला जागा न ठेवणे. उद्दिष्ट आता असे काढले जाते:

महाग तासांतला वापर, वजा सोलरमधून घरात वापरता येणारे युनिट, भागिले ०.९५, भागिले १०.२४, अधिक १५ टक्के राखीव.

वापर ११ युनिट. ढगाळ दिवसाचे सोलर ४: उरतात ७, म्हणजे ७२ टक्के, राखीव धरून ८७. स्वच्छ दिवसाचे ८: उरतात ३, म्हणजे राखीव धरून ४६ टक्के. ऊन वर येईपर्यंत पहाटे ५ ते ९ मध्ये अडीच युनिट जातात, त्यासाठी ४१ लागतात, तेव्हा ४६ पुरते. अंधारून आलेल्या दिवशी थेट ९५.

अंदाजावर टक्का-टक्क्याने खेळण्यात अर्थ नाही. ४६, ८७, ९५ या तीनच पायऱ्या, आणि शंका आली की वरची. जास्त भरल्याचा तोटा स्वस्त दराने होतो, कमी पडल्याचा महाग दराने.

१२ डिसेंबर

रात्री ९:४० ला बॅटरी २७ टक्के दाखवत होती, मिनिटभरात ९ झाली. सर्वांत खालचा सेल ३.०२ व्होल्ट, बाकीचे ३.१५ च्या आसपास.

या रसायनात २० ते ९० टक्क्यांमध्ये व्होल्टेज जवळजवळ सपाट असते, त्यामुळे बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारे आतले सर्किट) व्होल्टेजवरून टक्के सांगू शकत नाही. तो आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजत बसतो. बारीक करंट त्याच्या मोजणीतून निसटतात आणि चूक साचत जाते. ती पुसली जाते फक्त पूर्ण भरल्यावर. ५ नोव्हेंबरपासून एकदाही शंभर गाठले नव्हते.

१३ तारखेच्या रात्री पूर्ण भरली: ५५.२ व्होल्टवर, म्हणजे सेलमागे ३.४५, करंट १० अँपिअरच्या खाली येईपर्यंत आणि मग पहाटेपर्यंत तसेच धरून. सुरुवातीला सेल ३.४१ ते ३.५८ असे विस्कटलेले होते, तीन तासांनी ३.४४ ते ३.४७. सेल जुळवण्याचे काम वरच्या टोकालाच होते, कारण फरक तिथेच दिसतो. शेवटचे पाच टक्के रांगत जातात, तेव्हा ११:०५ लाच सुरुवात हवी. यापुढे दर दहाव्या रात्री, उद्दिष्ट काहीही असो.

२२ डिसेंबर

छोट्या संगणकाचे मेमरी कार्ड १:१० ला गेले. डिस्चार्ज शून्यावर अडकून राहिला. भरलेली बॅटरी दुपारी १ पर्यंत नुसती बसून होती, घराने ४.३ युनिट महाग दराने घेतले.

म्हणून पाया बदलला. चाचणीत दिसले की ‘ग्रिडवरून भर, उद्दिष्ट अमुक टक्के’ हा टप्पा चालू असेपर्यंत हा इन्व्हर्टर उद्दिष्ट गाठल्यावर किंवा आधीच वर असला तरी डिस्चार्ज करत नाही, थांबून राहतो. सगळे इन्व्हर्टर असे वागत नाहीत, प्रत्येकाने दहा टक्के खालचे उद्दिष्ट देऊन आणि गाडी लावून पाहावे. इथे आता डिस्चार्जच्या मर्यादेला हात लावायचा नाही. ०४:५५ पर्यंतचा टप्पा इन्व्हर्टरच्याच स्मृतीत, संगणक फक्त उद्दिष्टाचा आकडा लिहितो. तो बंद पडला तर कालचे उद्दिष्ट राहील, एवढेच. चार्जरलाही सांगून ठेवले: मेनच्या सीटीचे वाचन ६० सेकंद आले नाही तर १६ अँपिअर. १६ अधिक १३ अधिक २, तरीही ३६ च्या आत.

४ जानेवारी

थंडीमुळे बॅटरीच्या खोलीत रात्री ११ ला ११ अंश, पहाटे ४. पाचच्या खाली बीएमएस २० अँपिअरच घेऊ देतो आणि शून्याखाली चार्जिंग बंदच ठेवतो, नाहीतर लिथियम धातूच्या रूपात साचतो. घरची बॅटरी आधी आणि गाडी मागून, हा क्रम थंडीतही बरोबर ठरला. गाडीची बॅटरी निघायच्या वेळी कोमट मिळते.

डिसेंबरचे आकडे इन्व्हर्टरच्या तारेवरच्या वेगळ्या मीटरवरून. त्या महिन्यात सोलरमधून बॅटरीत गेलेले फारच थोडे होते, ते वगळून: आत २३६ युनिट, बाहेर २०१. ८५ टक्के परत आले. स्वस्त युनिट बॅटरीतून फिरून आले की त्याची किंमत १.१७ पट होते. दर तिप्पट असेपर्यंत हे परवडते, फरक दीडपटीवर आला तर बॅटरीची झीज धरून पुन्हा मांडावे लागेल. महाग तासांत ३८ युनिट घ्यावे लागले. ४.३ वर लिहिलेले, १२ युनिटच्या आसपास इन्व्हर्टरच्या ५ किलोवॉटच्या वर गेलेल्या भाराचे. बाकीचे ८७ ची पायरी चुकलेल्या पाच ढगाळ दिवसांचे.

उरलेले: १२ जानेवारीला पूर्ण भरण्याची रात्र. त्याच रात्री २:४५ ला न्यूट्रलच्या टोकाचे तापमान पुन्हा घेणे.